सांगायचं नाही, विचारायचं

साठी ओलांडलेल्या बाईनं काय शिकावं याबद्दल आमच्या सदाशिव पेठेत सगळ्यांची मतं ठाम आहेत. संस्कृत शिकावं, पेटी शिकावी, फार तर मोबाईलवरून वीजबिल भरायला शिकावं. चारचाकी चालवायला शिकू नये. मी शिकले. म्हणजे आधी नुसतं लायसन्स मिळालं, शिकणं नंतर झालं. मधल्या काळात आमच्या इमारतीच्या गेटवरची पाटी वाकली आणि आमचा संसारही जरा वाकला.

कारण होतं यांचे डोळे. दृष्टीच्या बरोबर मध्यावर एक डाग धरायला लागला होता. कडेकडेचं दिसायचं, मधलं नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं हे डॉक्टरांना सांगत होते आणि मी शेजारी बसून पहिल्यांदाच ऐकत होते. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं देऊ, वाढ थोपवू, पण गाडी चालवणं आजपासून बंद. खाली पार्किंगमध्ये आल्यावर यांनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. मला तेव्हा फक्त स्कूटर येत होती. गाडी तिथेच ठेवून आम्ही रिक्षानं घरी आलो आणि दुसऱ्या दिवशी पुतण्या ती घेऊन आला.

गाडीचं एवढं काय, असं कुणीही म्हणेल. पुण्यात रिक्षा आहेत, मोबाईलवरून गाडी बोलावता येते. पण आमचा प्रश्न रविवारचा होता. माझे मोठे दीर विश्रांतवाडीला राहतात. अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी आणि बोलणं जड. दर रविवारी सकाळी हे गाडी घेऊन जायचे, दादांची दाढी करायचे, त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवायचे, चाकांची खुर्ची घडी करून डिकीत टाकायचे, आणि दोघं भाऊ दिघीच्या बाजूला हिंडून यायचे. आठवड्यात दीर घराबाहेर पडायचे ते एवढेच. यांचं चालवणं थांबलं तेव्हा आम्ही बाहेरची गाडी बोलावून पाहिली. पहिला ड्रायव्हर खुर्ची बघूनच निघून गेला. दुसरा बिचारा थांबला, पण सारखा घड्याळ बघत होता, आणि दिरांना आत बसायला जो वेळ लागतो तो वेळ त्यांना अपराध्यासारखा काढावा लागला. त्यांनी डाव्या हातानं नको, नको अशी खूण केली. त्यानंतर हे रिक्षानं जायचे, दाढी करायचे आणि दोघं भाऊ खिडकीपाशी बसायचे. दीर खालच्या रस्त्याकडे बघत राहायचे. मला ते बघवायचं नाही. म्हणून मी ड्रायव्हिंगच्या क्लासला नाव घातलं.

क्लासचे मास्तर अकोल्याकडचे होते. माणूस अतिशय सज्जन. ‘घाबरू नका ना जी मॅडम, मी हाय ना,’ हे त्यांचं पालुपद. आणि ते खरोखरच होते, कारण क्लासच्या गाडीत त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक असतो. मी काही चुकवलं की ते निमूटपणे आपल्या पायांनी दुरुस्त करायचे आणि मला वाटायचं, वा, जमतंय की. परीक्षेत आठचा आकडा काढायचा होता. तो काढला. थांबायचं काम तिथे फारसं नव्हतंच. लायसन्स घरी आलं तेव्हा मी शेजारीपाजारी पेढे वाटले. जरा घाईच झाली.

आमच्या स्वतःच्या गाडीत दुसऱ्या बाजूला पेडल नव्हती, हे बसले होते. हे हडपसरला एका कारखान्यात मशीनशॉपचे प्रमुख होते आणि त्यांच्या आवाजाला मशीनच्या वर पोचायची सवय आहे. ‘ब्रेक. अगं ब्रेक. क्लच. उजवीकडे घे. रिक्षा. खड्डा.’ समोरचं त्यांना नीट दिसत नव्हतं, त्यामुळे हे सगळं आठवणीवर आणि आवाजावर चाललं होतं. कित्येकदा रिक्षा नसायचीच. खड्डा मात्र म्हणाल तिथे असायचा. ते सांगतील ते सगळं मी निमूट ऐकत होते आणि गाडी प्रत्येक सिग्नलला आचका देऊन बंद पडत होती. चालायची बरी, थांबताना मरायची. मागचे हॉर्न वाजवायचे. एकदा शेजारच्या बाइकवरचा पोरगा काच खाली करायला लावून मला म्हणाला, ‘काकू, रिक्षा घ्या ना.’ मी त्याला जे म्हणाले ते गणिताच्या बाईला शोभणारं नव्हतं.

आणि मग गेट. वॉचमन गेट उघडेपर्यंत मी थांबले. थांबले असं मला वाटलं. गाडीनं एक उडी मारली आणि ‘येथे वाहने लावू नयेत, हवा सोडली जाईल, नंतर वाद घालू नये’ ही पाटी खांबासकट मागे वाकली. हे ओरडले, वॉचमन ओरडला, मी ओरडले. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत आमचे शेजारी कपडे वाळत घालत होते. त्यांनी चिमटा लावायचा थांबवला, खाली वाकून पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, ‘वहिनी, पाटी वाचायला एवढं जवळ जायची गरज नव्हती.’

वर आलो. मी चहा टाकला. हे ओट्याला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, आपण गाडी विकून टाकू. कारखान्यातले एक जुने सहकारी गाडी शोधतायत, सोमवारी बघायला येतो म्हणालेत. म्हणजे फोन आधीच झाला होता. मग आवाज खाली आणून, अगदी मायेनं म्हणाले, ‘तुला नाही येत ते, राहू दे. उगाच जिवाला त्रास.’

ते रागानं बोलले असते तर मी सहन केलं असतं. माया सहन झाली नाही.

इथे मला माझ्या वर्गाबद्दल सांगायला हवं. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, निवृत्त होईपर्यंत. माझ्या फळ्याच्या वर पुठ्ठ्याच्या पट्ट्या टांगलेल्या असायच्या. काय दिलंय? काय काढायचंय? असं आधी कुठे भेटलंय? आलेलं उत्तर पटतंय का? एखादी मुलगी टेबलापाशी येऊन ‘बाई, येत नाही’ म्हणाली की मी नुसतं पट्ट्यांकडे बोट दाखवायची. ‘येत नाही’ हे उत्तर माझ्याकडे चालायचं नाही. कुठपर्यंत येतं आणि कुठे अडतं, ते सांगायचं. मी उत्तर सांगून मोकळी झाले तर ते माझं उत्तर, तिचं नव्हे, आणि परीक्षेला काही मी तिच्या बाकावर बसणार नसते. पालकांना हे पटायचं नाही. शाळेत शिकवतात की चौकशी करतात, असं एक आजोबा मला येऊन विचारून गेले होते. निरोप समारंभात मुलींनी माझी नक्कल केली. काय दिलंय? पेन्शन. काय काढायचंय? उरलेली वर्षं. उत्तर पटतंय का? सगळा हॉल हसला, मीही हसले. पण त्या पट्ट्यांवर माझा विश्वास होता आणि आहे. प्रश्न डोक्यात राहिला की माणूस एकटा असतानाही विचार करतो. हुकूम डोक्यात राहिला तर तो फक्त दुसऱ्या हुकमाची वाट बघतो.

आणि इतकी वर्षं हे करून मी गाडीत काय करत होते? हुकमाची वाट बघत होते. ‘ब्रेक’ म्हणाले की ब्रेक. गाडी का बंद पडते, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला आणि म्हणाले, ‘अहो, “येत नाही” हे उत्तर मी कुणाकडून घेतलं नाही, तुमच्याकडूनही घेणार नाही. सोमवारपर्यंत वेळ आहे. उद्यापासून गाडीत तुम्ही मला काहीही सांगायचं नाही. फक्त विचारायचं.’

हे म्हणाले, आणि समोर ट्रक आला तर? मी म्हटलं, तरी विचारायचं. समोर काय दिसतंय? आता काय होऊ शकेल? तू काय करणार आहेस? एवढे तीन प्रश्न. गडबड झाली तर चौथा, आत्ता नेमकं काय झालं? यांनी ओट्यावर सांडलेला चहा फडक्यानं पुसून काढला. मग म्हणाले, विमा भरलेला आहे ना? मी भरलेला आहे म्हटलं. तेव्हा तयार झाले.

जेवणानंतर पेठ झोपते, तेव्हा आम्ही निघायचो. पहिल्या दिवशी यांनी नियम पाळायचा खरोखर प्रयत्न केला. ‘तू आता ब्रेक दाबणार आहेस का?’ मी म्हटलं, हा प्रश्न नव्हे, हा शेवटी प्रश्नचिन्ह लावलेला हुकूम आहे. मग पुढच्या चौकात, ‘समोर रिक्षा दिसत नाहीये का तुला?’ मी म्हटलं, हा टोमणा आहे. हे चिडले. म्हणाले, माणसानं विचारायचं तरी कसं? मी म्हटलं, उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे असं समजून विचारू नका. यावर ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. बाहेर तरी त्यांना काय दिसत होतं, कोण जाणे.

सारसबागेजवळच्या सिग्नलला गाडी पुन्हा आचका देऊन मेली. मी किल्लीकडे हात नेला. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. ‘थांब. कशालाही हात लावू नकोस,’ असं म्हणाले, आणि तेवढा एक हुकूम मी माफ केला. कारण पुढचा आवाज वेगळा होता, मी तो घरी कधी ऐकला नव्हता. मशीन बंद पडलं की कारखान्यात हे असंच करत, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. आधी कुणी काही हलवायचं नाही. मग मशीनवरच्या माणसाला विचारायचं, बंद पडायच्या जरा आधी काय काय झालं.

‘गाडी बंद पडायच्या आधी तू काय काय केलंस? क्रमानं सांग.’

मी सांगायला लागले. लाल दिवा दिसला. ऍक्सिलरेटर सोडला. क्लच दाबला. ब्रेक दाबला. गाडी थांबली. मग... मग काही नाही.

‘दोन्ही पाय आत्ता कुठे आहेत?’

मी खाली पाहिलं. उजवा ब्रेकवर होता. डावा क्लचवर नव्हता. तो क्लचच्या डावीकडे गाडीच्या तळाला सपाट टेकलेला होता, चप्पल घट्ट रोवून, पूर्ण भार घेऊन. मी गाडीला धरून ठेवलं होतं, ती पडू नये म्हणून.

पस्तिशीच्याही आधीपासून मी या शहरात दुचाकी चालवतेय. तोंडाला स्कार्फ, खांद्याला पर्स, आणि गाडी थांबली रे थांबली की डावा पाय खाली. हे मी करते असं म्हणण्यातही अर्थ नाही, ते होतं. क्लासमध्ये माझा पाय खाली जायचा तेव्हा मास्तरांचा पाय त्यांच्या क्लचवर असायचा, म्हणून कुणालाच कळलं नाही. ‘क्लच दाब’ असं हे शंभरदा ओरडले असतील, आणि मी दाबतही होते. तो सोडते केव्हा, हे कुणी विचारलं नव्हतं.

मी त्यांना पाय कुठे आहे ते सांगितलं. ते जे हसायला लागले ते थांबेनात. डॉक्टरांकडे जाऊन आल्यापासून हा माणूस असा हसला नव्हता. मागे हॉर्नची आरती चालू होती. दिवा हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. मला सारसबागेपाशी त्या सिग्नलला इतकं बरं वाटलं की काय सांगू.

त्यानंतर पाय जागेवर यायला वेळ लागला, पण चूक सापडली की अर्धी सुटते. थांबायच्या आधी मी मोठ्यानं स्वतःला विचारायची, डावा कुठे आहे? स्कूटरवाल्या बाईची दुसरी खोड म्हणजे फट. दोन बसच्या मधे फट दिसली की हात आपोआप तिकडे वळतो. यांनी त्यावर स्वतःच एक प्रश्न काढला. मी ‘जागा आहे’ म्हटलं की हे विचारायचे, ‘कुणाच्या मापाची?’ हा प्रश्न इतका चांगला होता की माझ्या वर्गात मी त्याची पट्टी केली असती. मी तसं म्हटलंही. त्या दिवशी हे संध्याकाळभर खुशीत होते.

शुक्रवारपर्यंत मला कळलं की मी उत्तरं लांबवतेय. समोर काय दिसतंय, याला ‘रिक्षा आणि बस’ एवढं पुरेसं होतं. पण मी सांगत होते, रिक्षाच्या मागे बाळाचं नाव रंगवलंय, बसमधली एक बाई दारात उभी राहून मोगरा माळतेय, कोपऱ्यावरचा रसवंतीवाला आज नाहीये. आणि हे ऐकत होते. मान माझ्याकडे किंचित कलती करून, कडेच्या उरलेल्या नजरेनं. शनिवारी गाडी खाली लावल्यावर त्यांनी त्या हडपसरच्या सहकाऱ्यांना फोन केला. गाडी विकायची नाही, सौ. चालवतायत, एवढंच बोलले. ‘सौ.’ या शब्दाला मी लग्नाच्या पत्रिकेनंतर इतका मान मिळालेला पाहिला नव्हता.

रविवारी आम्ही संगम पूल ओलांडून येरवड्यातून आळंदी रस्त्याला लागलो आणि विश्रांतवाडीला पोचलो. वाटेत दोनदा गाडी बंद पडली. दोन्ही वेळा का, याचं उत्तर माझ्याकडे होतं. वर यांनी दादांची दाढी केली. डोळ्यांनी नाही, बोटांनी करतात आता. आधी गालावरून हात फिरवतात, मग वस्तरा. माझ्या जाऊबाईंनी दिरांना नवा सदरा घातला होता. खाली आणून त्यांना पुढे बसवायला जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला. कुणी घड्याळ पाहिलं नाही. हे आणि जाऊबाई मागे बसले, खुर्ची डिकीत गेली, आणि मी डावा पाय कुठे आहे ते बघून गाडी काढली.

दिरांचं बोलणं जड आहे म्हणून घरात सगळे त्यांचं बोलणं सोपं करून देतात. चहा हवाय? पंखा लावू? टीव्ही बंद करू? त्यांनी फक्त मान हलवायची. प्रेमानंच करतात सगळे, जाऊबाई तर अगदी जिवापाड करतात. पण मीही तोवर त्यांना एकही असा प्रश्न विचारला नव्हता ज्याचं उत्तर त्यांना स्वतः शोधावं लागेल.

दिघीच्या रस्त्याला लागताना उजवीकडून एक ट्रक येत होता. मागून सवयीनं प्रश्न आला, ‘समोर काय दिसतंय?’ मी ट्रककडे बघत होते, मला उत्तर द्यायला सवड नव्हती. आणि मग माझ्या शेजारून घशात अडकलेला आवाज यायला लागला.

जाऊबाई लगेच पुढे वाकल्या. म्हणाल्या, गाड्या आहेत भावजी, खूप गाड्या आहेत, असं म्हणायचंय त्यांना.

‘वहिनी, थांब,’ हे म्हणाले. ‘या गाडीत कुणी कुणाला सांगत नाही. दादाला बोलू दे.’

ट्रक गेला. मी वळले. मागचे दोघं थांबले होते, मीही थांबले होते, फक्त गाडी चालत होती. दिरांच्या डाव्या हाताची मूठ मांडीवर वळत होती, सुटत होती. आरशात मला यांचा चेहरा दिसला. ते भावाच्या दिशेनं मान कलती करून ऐकत होते, घाई अजिबात नव्हती.

‘ब... बहावा,’ दीर म्हणाले.

‘फुललाय?’ यांनी विचारलं, आणि लगेच चूक सुधारली. ‘नाही, नाही. कसा आहे तो?’

पुन्हा तेवढाच वेळ गेला. ‘पि... वळा. खाली... पण. सगळं.’

म्हणजे फुलं खाली पडून रस्ता पिवळा झाला होता. मी तो बहावा पाहिलाच नव्हता, माझं लक्ष ट्रककडे होतं. जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. हे मागे टेकून बसले आणि म्हणाले, ‘हं. मग? आता काय दिसतंय?’

तेव्हापासून रविवार असाच जातो. मला आता कुणी काही विचारत नाही, आणि त्याची गरजही उरलेली नाही. मागून प्रश्न येतो, शेजारून उत्तर येतं. ते यायला वेळ लागतो. तोवर झाड मागे पडू नये म्हणून मी गाडी हळू चालवते.